गुलाबाचा खराटा का होतो?

पावसाळ्यातील बुरशी, तिची कारणे आणि खिशाला परवडणारे उपाय

जूनच्या पहिल्या आठवड्यात कोपरखैरणे, घणसोली, ऐरोली, नेरुळ अशा कुठल्याही नोडमधल्या बैठ्या घरांच्या गल्लीतून चालत जावे. ओट्यावर, पायरीवर, खिडकीच्या ग्रिलमध्ये कुंड्या मांडलेल्या दिसतात. तुळस, कोरफड, मोगरा आणि त्यांच्यात एखादा तरी गुलाब. पाने हिरवीगार, शेंड्याला कळी. तीच गल्ली ऑगस्टच्या अखेरीस पाहावी. तुळस जोमात असते, कोरफड फुगलेली असते, पण गुलाबाचा मात्र खराटा झालेला असतो. नुसत्या काट्यांच्या काड्या आणि टोकाला चार पिवळी पाने. शंभर-दीडशे रुपये मोजून आणलेले झाड डोळ्यांदेखत जाते.

मग कारणांचा शोध सुरू होतो. कोणी म्हणते माती वाईट होती. कोणी म्हणते नजर लागली. आणि काही घरांत, शिकल्यासवरल्या घरांतसुद्धा, अजून एक वाक्य ऐकू येते : “अडचणीच्या दिवसांत कोणीतरी हात लावला असेल.” म्हणजे झाड वाळले की दोष घरातल्या सुनेचा, नाहीतर वयात आलेल्या मुलीचा! ज्या समाजाने ‘विटाळ’ या शब्दाचा मार पिढ्यान्‌पिढ्या सोसला, त्या समाजाच्या घरात हा शब्द झाडाच्या निमित्ताने मागच्या दाराने आत येऊ नये. गुलाबाच्या पानावरच्या काळ्या ठिपक्याला कारण आहे. ते कारण शोधून काढलेले आहे, ते तासांत मोजता येते आणि बऱ्याच अंशी थांबवताही येते. तेच या लेखात पाहू.

सात तासांचा हिशोब

हा रोग बुरशीचा आहे. शिळ्या भाकरीवर किंवा ओल्या चपलेवर पावसाळ्यात बुरशी येते, तिच्याच जातकुळीतली ही, पण गुलाबाच्या जिवंत पानावर जगणारी. शास्त्रज्ञ तिला ‘डिप्लोकार्पॉन रोझी’ म्हणतात. युरोपात स्वीडनमध्ये १८१५ सालीच तिची नोंद झालेली आहे. म्हणजे हा रोग ना आपल्या गल्लीचा, ना आपल्या मातीचा. जिथे गुलाब आहे आणि ओलावा आहे तिथे तो आहे.

बुरशीचे बी डोळ्यांना दिसत नाही इतके बारीक असते. पावसाचा थेंब रोगट पानावर आपटला की त्या शिंतोड्याबरोबर हे बी शेजारच्या पानावर जाते. पण नुसते जाऊन पडले म्हणजे रोग झाला असे नाही. ते रुजायला पानावर पाणी लागते आणि तेही सलग सात तासांच्या आसपास. पान त्याआधी वाळले तर ते बी बहुधा वाया जाते. पान ओलेच राहिले तर बी रुजते, पानाच्या आत शिरते आणि साधारण आठवड्याभरात वर काळा ठिपका दिसतो. त्या ठिपक्यात पुन्हा नवे बी तयार होते आणि पुढच्या पावसाची वाट पाहते.

आता नवी मुंबईचा पावसाळा डोळ्यांपुढे आणा. एका बाजूला ठाण्याची खाडी, दुसऱ्या बाजूला पारसिकची डोंगररांग. जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत दोन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस. रात्रभर पान ओले, सकाळी ऊन नाही, कपडेसुद्धा दोन-दोन दिवस वाळत नाहीत. वर हवा ना फार गार ना फार तापलेली. बुरशीला याहून चांगले दिवस कोणते मिळणार? आषाढ पौर्णिमेला वर्षावास सुरू होतो आणि अश्विन पौर्णिमेला संपतो. काळ्या ठिपक्याचा मोसमही साधारण तेवढाच.

म्हणून एकच गोष्ट मनात पक्की करावी : गुलाबाचे पान जितके तास ओले, तितका रोग जास्त. बाकीचे सगळे उपाय यातूनच निघतात.

रोग तीन, ओळख वेगळी

गुलाबावर येणाऱ्या बुरशी अनेक आहेत. आपल्याकडे घरच्या कुंडीत प्रामुख्याने तीन प्रकारचा त्रास दिसतो. त्यांची ओळख नीट पटली पाहिजे, कारण एकाला जे चालते ते दुसऱ्याला चालत नाही.

पहिला काळा ठिपका. पानाच्या वरच्या बाजूला गोल, काळा डाग. त्याची कड सरळ नसते, शाईचा थेंब टिपकागदावर पसरावा तशी झालरीसारखी असते. डागाभोवती पान पिवळे पडते आणि गळते. सुरुवात खालच्या पानांपासून होते, कारण मातीवरचे पाणी तिथेच उडते.

दुसरी भुरी. ही पावसाळ्यात नव्हे, हिवाळ्यात येते. नोव्हेंबर ते फेब्रुवारीच्या सुमारास दिवसा कोरडी हवा आणि रात्री गारवा व दमटपणा असला की कोवळ्या पानांवर, कळीच्या देठावर पिठी भुरभुरल्यासारखी पांढरी बुरशी दिसते. पाने चुरमडतात, कळी नीट उमलत नाही. हिचे बी पाण्यातून नव्हे, वाऱ्यावरून पसरते. गंमत अशी की हिला पानावरचे पाणी मानवत नाही. सकाळी उन्हाच्या वेळी पाने पाण्याने धुतली तर भुरी कमी होते. हाच धुण्याचा उपाय काळ्या ठिपक्यावर केला तर मात्र रोग वाढतो. ओळख पटवण्याचे महत्त्व ते हेच.

तिसरा त्रास म्हणजे फांदी शेंड्याकडून खाली वाळत येणे. माळी लोक याला ‘डायबॅक’ म्हणतात. छाटलेल्या किंवा फूल तोडलेल्या जागेतून बुरशी आत शिरते. आधी टोक तपकिरी, मग काळे आणि दिवसागणिक ते काळेपण खाली उतरत जाते. ते खोडाच्या जोडापर्यंत पोहोचले की झाड गेलेच. पाणी साचलेल्या कुंडीत आणि अशक्त झाडात हा रोग चटकन घुसतो.

मावळातून शिकण्यासारखे

आपल्यापासून घाट चढून गेले की मावळ तालुका लागतो. तळेगाव दाभाडेच्या परिसरात एमआयडीसीने फुलशेतीसाठी खास क्षेत्र राखले आहे. आजूबाजूच्या गावांतही गुलाबाची मोठी लागवड आहे. फेब्रुवारी महिन्यात तिथला गुलाब परदेशी जातो. सह्याद्रीच्या कुशीतला तो मुलूख, तिथेही पाऊस काही कमी नसतो. मग तिथला गुलाब टिकतो कसा?

तो प्लॅस्टिकच्या छपराखाली असतो. त्या छपराला पॉलिहाऊस म्हणतात. पाऊस पानावर पडत नाही आणि पाणी नळीतून थेंब थेंब मुळाशी दिले जाते. पान कोरडे राहिल्यामुळे काळ्या ठिपक्याचा जोर तिथे मोडतो. भुरीसारखे दुसरे रोग तिथेही येतात, त्यांच्यासाठी त्यांना वेगळी मेहनत घ्यावी लागते. पण पावसाळी रोगाचे मूळ त्यांनी छपरानेच तोडले आहे.

आणखी एक गोष्ट तिथे पाहण्यासारखी आहे. या पॉलिहाऊसमध्ये राबणाऱ्या मजुरांत स्त्रियांची संख्या मोठी असते. कळ्या तोडणे, पाने काढणे, प्रतवारी करणे, जुड्या बांधणे ही कामे महिन्याचे तीसही दिवस त्यांच्याच हातांनी होतात. त्यांच्या स्पर्शाने गुलाब करपत असता तर एक फूलही विमानात चढले नसते. ‘अडचणीचे दिवस’ म्हणणाऱ्यांना हे उत्तर पुरे आहे.

आपल्याला पॉलिहाऊस परवडणारे नाही, पण छप्पर प्रत्येकाच्या घराला आहे. ओट्यावरची पत्र्याची पडवी, खिडकीवरचा छज्जा, ग्रिलवर टाकलेला पारदर्शक पत्रा हेच आपले पॉलिहाऊस. जूनमध्ये गुलाबाची कुंडी अशा जागी सरकवावी की पाऊस अंगावर पडणार नाही, पण उजेड आणि वारा मिळेल. अगदी आत भिंतीला चिकटवू नये. गुलाबाला रोज पाच-सहा तास ऊन लागते. पावसात ते मिळाले नाही तरी उजेड भरपूर हवा. म्हणून पडवीची बाहेरची कड ही सर्वांत चांगली जागा.

रोजच्या सवयी, बिनपैशाच्या

औषधाच्या दुकानात जाण्याआधी पुढील गोष्टी कराव्यात. यांना पैसे लागत नाहीत, फक्त लक्ष लागते.

पाणी सकाळी घालावे आणि तांब्याने मुळाशी घालावे. वरून झारीने किंवा नळीने पानांवर मारू नये. संध्याकाळी कामावरून आल्यावर पाणी घालायची सवय अनेकांना असते. त्यात पानांवर उडालेले पाणी रात्रभर तसेच राहते. सात तासांचा हिशोब इथेच भरतो. कुंडीची वरची माती बोटाने दाबून पाहावी. ओली लागली तर त्या दिवशी पाणी नकोच.

कुंडीच्या वर काय आहे ते पाहावे. आपल्या घरांत कपडे वाळत घालायची दोरी नेमकी कुंड्यांवरून जाते. धुण्याचे पाणी रात्रभर गुलाबावर ठिबकत राहते. वरच्या मजल्यावरच्या एसीचे पाणीही असेच पडते. दोरी किंवा कुंडी, दोन्हींपैकी एक हलवावी.

कुंड्या एकमेकींना चिकटवू नयेत. दोन झाडांच्या पानांमध्ये वीतभर तरी अंतर हवे, म्हणजे वारा खेळतो आणि पान लवकर वाळते.

डाग पडलेले पान दिसताच देठासकट काढावे. गळलेली पाने रोज वेचावीत. हीच पाने उद्याच्या रोगाचे कोठार आहेत. ती कुंडीत कुजवू नयेत, कचऱ्यात टाकावीत. मात्र एका दिवसात झाड उघडे-बोडके करू नये. पानांवरच झाडाचे पोट असते. अर्ध्याहून जास्त पाने रोगट असतील तर सर्वांत वाईट पाने आधी काढावीत, बाकीची नवी पालवी फुटल्यावर.

मातीवर सुक्या पानांचा किंवा नारळाच्या काथ्याचा दोन बोटे जाड थर द्यावा. त्याने मातीवरचे पाणी खालच्या पानांवर उडत नाही. हा थर खोडाला चिकटवू नये.

कुंडीचे भोक मोकळे आहे का ते पाहावे. रोपवाटिकेतले रोप बहुधा तांबड्या चिकणमातीच्या घट्ट गोळ्यात येते. ते तसेच कुंडीत बसवले की पाणी आत मुरत नाही, नाहीतर साचून राहते. लावताना मुळांना धक्का न लावता गोळा कडेने थोडा सैल करावा. तळाला विटांचे तुकडे घालावेत आणि मातीत वाळू व चांगले कुजलेले शेणखत मिसळावे. पावसाळ्यात कुंडीखालची थाळी काढून टाकावी. त्यात साचलेल्या पाण्यात डेंग्यूचे डास होतात, ते घरातल्या माणसांना अधिक महाग पडते.

औषध द्यायचे तर कोणते?

एवढे करूनही रोग वाढला तर औषध घ्यावे. दुकानात ‘गुलाबाला रोग पडलाय, काहीतरी द्या’ असे म्हणू नये. असे मागितले की पुष्कळदा कीटकनाशक हातात पडते. ते किडीसाठी असते, बुरशीला त्याचा उपयोग नाही. आपल्याला ‘बुरशीनाशक’ हवे, असे स्पष्ट सांगावे. रोगट पान बरोबर न्यावे.

बुरशीवरचे एक जुने आणि स्वस्त औषध म्हणजे मोरचूद आणि चुना. त्याची कथा गमतीची आहे. फ्रान्समधील बोर्डो भागात वाटेवरची द्राक्षे चोरीला जाऊ नयेत म्हणून शेतकरी वेलींवर मोरचूद आणि चुन्याचे निळे पाणी शिंपडत. १८८२ साली मिलार्दे या प्राध्यापकाच्या लक्षात आले की त्याच वेली केवडा रोगातून वाचल्या आहेत. त्यांनी प्रयोग करून १८८५ मध्ये हे औषध जगापुढे ठेवले. तेच बोर्डो मिश्रण. आपल्या नाशिक-सांगलीच्या द्राक्षबागांतही ते पोहोचले.

घरच्यासाठी प्रमाण असे : १० ग्रॅम मोरचूद, १० ग्रॅम कळीचा चुना आणि एक लिटर पाणी. दुकानदाराकडून दहा-दहा ग्रॅमच्या पुड्या बांधून घ्याव्यात. प्लॅस्टिकच्या भांड्यात अर्धा लिटर पाण्यात मोरचूद विरघळवावे. दुसऱ्या भांड्यात चुना आधी थोड्या पाण्यात विझवून निवल्यावर अर्धा लिटर करावा. चुना विझताना उकळी फुटते, म्हणून मुलांना दूर ठेवावे व डोळे सांभाळावेत. दोन्ही पाणी एकदम तिसऱ्या भांड्यात ओतून ढवळावे व फडक्याने गाळावे. लोखंडी भांडे वापरू नये. मग स्वच्छ लोखंडी खिळा मिनिटभर बुडवून पाहावा. त्यावर तांबूस थर आला तर चुना कमी पडला आहे, थोडी निवळी आणखी घालावी. मिश्रण त्याच दिवशी संपवावे. कोवळी लालसर पालवी असेल तर ते निम्मे पातळ करावे, नाहीतर पान भाजते.

एवढा खटाटोप नको असेल तर तयार कॉपर ऑक्सिक्लोराइडची पूड लिटरला अडीच ते तीन ग्रॅम पुरते. एक लक्षात ठेवावे : पडलेला डाग कुठल्याही औषधाने पुसला जात नाही. औषध नव्या पानाचे रक्षण करते. म्हणून पहिला ठिपका दिसताच, उघडीप पाहून, पानाच्या दोन्ही बाजूंना फवारावे. जोराच्या पावसाने औषध धुऊन गेले तर आठ-दहा दिवसांनी पुन्हा द्यावे.

भुरीसाठी पाण्यात मिसळणारे गंधक लिटरला दोन ग्रॅम चालते. ते कडक उन्हात देऊ नये, पाने करपतात. घरगुती उपाय म्हणजे खाण्याचा सोडा : लिटरभर पाण्यात एक चहाचा चमचा आणि साबणाच्या पाण्याचे चार थेंब. अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठात सोडा आणि तेल यांचे प्रयोग गुलाबावरच झाले आणि १९९२ मध्ये ते प्रसिद्ध झाले. भुरी आणि काळा ठिपका दोन्हींवर त्याचा उपयोग दिसला. सोडा वरचेवर वापरू नये, मातीत क्षार साठतो. जुन्या पुस्तकांत भुरीसाठी कॅराथेन लिहिलेले सापडेल. त्यातील डिनोकॅप या औषधावर सरकारने २०२३ मध्ये बंदी घातली आहे. ते कोणी दिले तरी घेऊ नये.

औषध झाडाचे, जीव माणसाचा

२०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कापसावर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले आणि शेकडो जणांना दवाखान्यात न्यावे लागले. ती कीटकनाशके होती आणि फवारणी शेतावरची होती, हे खरे. पण नियम तोच आहे. आपली घरे दहा बाय बाराची. तिथे औषधाची बाटली, पाण्याचा हंडा आणि मुलांचे अंथरूण एकाच खोलीत असते.

म्हणून औषध पाण्याच्या किंवा थंड पेयाच्या रिकाम्या बाटलीत कधीही भरू नये. मोरचुदाचा निळा खडा लहान मुलाला खडीसाखरेसारखा वाटतो. तो कुलपात ठेवावा. फवारणी घराबाहेर, वारा पडलेला असताना, तोंडाला फडके व हाताला पिशवी बांधून करावी. फवाऱ्याची बाटली दुसऱ्या कशाला वापरू नये. त्या झाडाच्या पाकळ्यांचा गुलकंद करू नये. औषधाच्या प्रमाणाबद्दल शंका असेल तर किसान कॉल सेंटरला १८००-१८०-१५५१ या क्रमांकावर फुकट फोन करता येतो, तिथे मराठीत उत्तर मिळते.

ऑक्टोबरची छाटणी

पाऊस उघडला की गुलाबाला नवा जन्म देण्याची वेळ येते. खराटा झालेले झाड फेकू नये. खोड नखाने किंचित खरवडून पाहावे. आत हिरवे असेल तर झाड जिवंत आहे.

ऑक्टोबरच्या मध्यात कोरडा दिवस पाहून छाटणी करावी. कात्री धारदार असावी आणि स्पिरिटने पुसून घ्यावी. वाळलेल्या काळ्या फांद्या आधी काढाव्यात. कापलेल्या जागी आतला गाभा पांढरा दिसेपर्यंत खाली यावे. तपकिरी गाभा म्हणजे बुरशी अजून आत आहे. निरोगी फांद्या बाहेरच्या बाजूच्या डोळ्याच्या पाव इंच वर तिरक्या कापाव्यात, म्हणजे पाणी साचत नाही. प्रत्येक जखमेवर कॉपर ऑक्सिक्लोराइडचा पाण्यातला घट्ट लेप जुन्या ब्रशने लावावा. डायबॅक थांबवायला याहून सोपा उपाय नाही. मग मूठभर शेणखत द्यावे आणि कुंडी उन्हात आणावी.

छाटणीनंतर साधारण सहा-सात आठवड्यांत फूल येते. धम्मचक्र प्रवर्तन दिनाच्या, म्हणजे १४ ऑक्टोबरच्या पुढच्या आठवड्यात छाटलेले झाड डिसेंबरच्या सुरुवातीला फुलते. ६ डिसेंबरला बाबासाहेबांच्या प्रतिमेपुढे ठेवायला घरच्या कुंडीतले फूल हाती येऊ शकते.

रोप निवडताना

शेवटी मुळाची गोष्ट. सगळेच गुलाब सारखे नसतात. मोठ्या, चमकदार फुलांच्या अनेक जाती थंड मुलखात तयार झाल्या. आपल्या दमट हवेत त्या लवकर खचतात. गुलकंदाचा गावठी गुलाब, झुपक्याने येणारे बटण गुलाब यांचे फूल लहान असते, पण नवशिक्याने सुरुवात त्यांच्यापासून करावी.

आपल्या हवेला साजेसे गुलाब तयार करण्याचे काम भारतातही झाले. डॉ. बी. पी. पाल हे मोठे कृषिशास्त्रज्ञ. गव्हावरचा तांबेरा हाही बुरशीचाच रोग. त्याला तोंड देणारे गव्हाचे वाण त्यांनी १९५४ मध्ये दिले. पुढे १९६५ मध्ये ते भारतीय कृषी संशोधन परिषदेचे पहिले महासंचालक झाले. याच माणसाने गुलाबाच्याही अनेक जाती निर्माण केल्या. तमिळनाडूत कोडाईकनाल येथे विरराघवन दांपत्याने ‘रोझा क्लिनोफिला’ या भारतीय जंगली गुलाबावर काम केले. हा गुलाब बंगाल-बिहारकडे नदीकाठी, पावसाळ्यात पाण्यात उभा राहूनही जगतो.

रोप जूनमध्ये घेऊ नये. नोव्हेंबरात घ्यावे, म्हणजे पावसाळ्यापूर्वी त्याला मुळे धरायला सात महिने मिळतात. फुलाकडे पाहून भुलू नये. खालची पाने उलटसुलट करून पाहावीत, खोडावर काळे चट्टे आहेत का ते पाहावे. डाग असलेले रोप स्वस्तात मिळाले तरी आणू नये, ते घरच्या इतर गुलाबांनाही रोग देईल.

पुढच्या पावसाळ्यात पानावर पहिला काळा ठिपका दिसला की घरात कोणाकडे बोट दाखवू नये. वर पाहावे : पाणी कुठून पडते आहे? कुंडी दोन हात आत सरकवावी, डागी पान खुडावे आणि पाणी सकाळी मुळाशी घालावे. हे मुलांना दाखवून त्यांच्याकडूनच करून घ्यावे. झाड का वाळते याचे खरे कारण लहानपणीच कळलेले मूल पुढे कोणाच्या सावलीला दोष देणार नाही.